अंगणवाडीची पारख कोणी करावी?

सारी हयात जिल्ह्याजिल्ह्यांची दप्तरे तपासण्यात घालविलेल्या माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी मध्यंतरी वाशीमच्या एका परिसंवादात असे प्रतिपादन केले की, अंगणवाडीची गुणवत्ता हा आता मतभेदाचा विषय उरलेला नाही. किती बालकांची हजेरी लागली, किती वजने नोंदली गेली, किती मातांना घरपोच आहार पोहोचला हे सर्व मुंबई-दिल्लीत बसून पडद्यावर त्याच दिवशी दिसते, आणि जे दिसते ते सुधारता येते. सभेने टाळ्या वाजविल्या. तेथल्या तेथे उत्तर देण्याइतका अवधी मला मिळाला नाही, म्हणून ते येथे सविस्तर देतो. हा दोन माणसांमधला वाद असता तर मी तो गिळला असता. परंतु आमच्या जिल्ह्यातील सहा वर्षांखालील हजारो मुलांचा दिवस कसा जातो याच्याशी त्याचा संबंध आहे.

वाशीमला मोजमाप नवे नाही. २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम असे चार जिल्हे निवडले गेले. ४९ निर्देशांक ठरले, त्यांत आरोग्य-पोषणाला ३० टक्के आणि शिक्षणाला ३० टक्के भार मिळाला, आणि कोणता जिल्हा किती पुढे सरकला याची क्रमवारी लागू लागली. त्याच वर्षी ८ मार्चला पोषण अभियान आले, २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले, आणि २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहार नेणाऱ्या मातेचा चेहरा कॅमेऱ्यापुढे पडताळून घेण्याचा दंडक झाला. यांपैकी प्रत्येक हुकुमाचा हेतू निर्मळ होता. बोगस नावांवर शिधा उचलला जाऊ नये या म्हणण्याला कोणताही विचारी माणूस हरकत घेणार नाही. माझी हरकत ही आहे की, या सर्व नोंदी ज्या हातांनी व्हायच्या तेच हात मुलांना सांभाळण्यासाठी नेमलेले आहेत, आणि हातांची संख्या मात्र होती तेवढीच राहिली आहे.

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील स्थानकामुळे ‘जऊळका रेल्वे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गावाच्या पंचक्रोशीत, एका अंगणवाडीत मी निंदणीच्या दिवसांत एक सकाळ बसून होतो. खोलीत ‘रेंज’ नसल्यामुळे सेविका उंबरठ्यावर उभी राहून मोबाईल उजेडाकडे धरीत होती आणि समोर कमरेला विळा खोचलेल्या, हातात डबा घेतलेल्या पाच-सहा बाया खोळंबल्या होत्या. एकीच्या आधारवरील छायाचित्र लग्नापूर्वीचे होते. तिला डोळ्यांची उघडझाप करायला लावूनही तिचा चेहरा काही जुळेना. “बाई, लवकर करा ना वं, मले निंदाले जा लागते,” असे ती काकुळतीने म्हणत होती. मदतनीस खिचडीला फोडणी देत होती. आत एक चार वर्षांची मुलगी चिंचोक्यांच्या दोन ओळी लावीत बसली होती, मोठ्यांची एक आणि लहानांची एक. तिच्या हाताला एक फुटका, अर्धा चिंचोका लागला. तो तिने एका ओळीत ठेवून पाहिला, मग दुसऱ्या ओळीत, आणि मग तो तळहातावर घेऊन ती उंबरठ्यापाशी गेली व सेविकेचा पदर ओढू लागली. सेविका स्वभावाने मायाळू. “थांब बाळा, एवढा फोटो निंगू दे,” असे म्हणून तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगी बराच वेळ उभी राहिली. मग चिंचोका टाकून देऊन बाहेर पळून गेली. त्या दिवशीची हजेरी, आहार आणि पडताळणी या तिन्ही नोंदी पूर्ण झाल्या.

त्या अर्ध्या चिंचोक्यात गणिताचा पहिला प्रश्न होता: मोठ्या वस्तूचा तुकडा मोठ्यांत धरावा की लहानांत? तो प्रश्न मुलीला स्वतःहून पडला होता आणि त्याचे उत्तर द्यायला माणूसही समोर होते. त्या माणसाला मात्र फुरसत नव्हती. बालसंगोपनाच्या परिसराची गुणवत्ता म्हणून काही वस्तू असेल तर ती मोकळ्या हातांचे मोठे माणूस आणि प्रश्न घेऊन आलेले मूल यांच्यामधल्या त्या क्षणात वसते, असे माझे ठाम मत आहे. भिंतीचा रंग, खेळण्यांची पेटी आणि रकान्यांतील आकडे हे सर्व त्या क्षणाच्या सेवेला असावेत.

या प्रश्नाचा महाराष्ट्रात सर्वांत खोल विचार केला तो ताराबाई मोडकांनी, आणि त्यांच्यावर मी अंमळ अधिक जागा खर्ची घालणार आहे, कारण त्यांची तसबीर बालवाड्यांच्या भिंतींवर लागते पण त्यांच्या युक्तिवादाची आठवण फारसे कोणी ठेवीत नाही. १९२३ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने त्यांनी बालशिक्षणाला वाहून घेतले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ साली दादरला शिशुविहार निघाला. माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले ते सॅन लोरेन्झोच्या मजूर वस्तीत. परंतु त्यांची पद्धती आपल्याकडे रुजली ती महागड्या साहित्यानिशी, शहरी मध्यमवर्गाच्या अंगणात. हे शल्य ताराबाईंना बोचत होते. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, प्रतिष्ठेचे सर्व काही मुंबईत सोडून त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या.

बोर्डीत शाळा निघाली, पण दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. पटसंख्येचा इष्टांक वाढवून खालच्या माणसाकडून खुलासा मागविणे हा त्यावर दप्तरी उपाय झाला असता. ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली, अंगणात मांडली, आणि आंघोळ, नखे, केस यांपासून सुरुवात केली. रोमहून आलेल्या साहित्याची जागा शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी घेतली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम करताना असे दिसले की, मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसते म्हणून शाळेत येत नाही. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी निघाली. मुले गुरांमागे जातात असे दिसले तेव्हा शाळा कुरणात गेली. या तिन्ही प्रसंगांत एकच विचारसूत्र आहे: मुलाची गैरहजेरी हा मुलाचा किंवा आईचा दोष न मानता ताराबाईंनी तो शाळेवर मारलेला शेरा मानला, आणि शेरा वाचणाऱ्याच्याच हाती बदल करण्याचा अधिकार होता. माझ्या स्नेह्यांच्या पडद्यावर गैरहजेरी दिसते हे खरे. परंतु ती पाहणाऱ्याला त्या वस्तीची वाट ठाऊक नसते, आणि जिला ठाऊक असते त्या सेविकेला वेळ बदलण्याचाही अखत्यार नसतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी वजनदार मानतो. ताराबाई आणि अनुताई यांच्यासारखी माणसे शतकात दोन-चार होतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेली, महाराष्ट्रात मेळघाटच्या धारणीपासून आज लाखभर अंगणवाड्यांपर्यंत पसरलेली योजना काही विभूतींच्या भरवशावर चालविता येत नाही, तिला पद्धत लागते. मान्य. म्हणूनच तामिळनाडूतील प्रयोगाकडे लक्ष वेधतो. तेथील चार जिल्ह्यांतील ६४० अंगणवाड्यांपैकी, चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा निवडलेल्या काही केंद्रांत शिक्षणासाठी अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती नेमण्यात आली. शिकविण्याचा एकूण वेळ दुपटीवर गेला. दीड वर्षाने पाहिले तेव्हा त्या मुलांची गणित आणि भाषा या दोन्हींतील गती इतर केंद्रांतील मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती, आणि कुपोषणही घटले होते, कारण मूळच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली. गावातलीच एक साधी बाई, थोडे प्रशिक्षण आणि मोकळे हात, एवढ्यावर हे घडले.

इथवर वाचून कोणी असे समजेल की मोजमापच नको, आणि आमच्या शिक्षकमंडळींत असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचीही बाजू मला घेता येत नाही. २००१ साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला तेव्हा महाराष्ट्राला प्रथम कळले की सरकारी नोंदींत दिसत होते त्याहून कितीतरी अधिक बालके मरत आहेत. ती बालके कोणाच्याही मायाळूपणाने दिसली नव्हती. गावोगाव नेटाने केलेल्या मोजणीने दिसली. ज्या खात्याने आपल्याच कामाचे आकडे स्वतःच्या बढतीसाठी लिहावेत त्या खात्याच्या आकड्यांत मृत्यू दडतात, आणि ज्यांना त्या आकड्यांतून काही मिळवायचे नाही अशांनी ते लिहिले तर मृत्यू उघडे पडतात. तेव्हा ‘मोजावे की मोजू नये’ हा प्रश्नच मला आता गौण वाटतो. कोणी मोजावे, किती वेळ बसून मोजावे, आणि मोजून झाल्यावर त्या खोलीत काय परत यावे, हे तीन प्रश्न खरे.

परदेशातही हा विचार झालेला आहे. अमेरिकेतील थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली बालसंगोपन केंद्रे पारखण्यासाठी एकपासून सातपर्यंत पायऱ्यांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यातील मऊ आसनांच्या आणि खेळकोपऱ्यांच्या अपेक्षा जऊळक्याच्या एकखोली अंगणवाडीला लावल्या तर तिची अकारण नामुष्की होईल. पण पारख करणाऱ्याने सुमारे तीन तास वर्गात बसावे, मोठी माणसे मुलांशी कशी बोलतात ते पाहावे, ही तिची शिस्त मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने आसाम, राजस्थान आणि आंध्र-तेलंगणातील हजारो मुलांचा माग काढून २०१७ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचेही तात्पर्य असेच आहे की नुसते नाव घातल्याने मूल शाळेसाठी तयार होत नाही, आत खेळातून काय घडते त्यावर सारे अवलंबून असते; आणि खासगी बालवर्ग तर पहिलीचाच अभ्यास दोन वर्षे आधी उरकून घेत असतात. आमच्या वऱ्हाडात ज्यांना सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात त्या वर्गांसाठी पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या आईबापांनी हे ध्यानी घ्यावे. टाय बांधलेले साडेतीन वर्षांचे मूल चार रेघी वहीत अक्षरे गिरवताना पाहिले की मला त्या आईबापांचा राग येत नाही, कळवळा येतो.

आता वेळेविषयी, कारण ४९ निर्देशांकांत कोठेही न आलेली गोष्ट ती हीच. आमच्याकडे निंदणीला, सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापूस वेचणीला बाया सकाळी नवाच्या सुमारास बाहेर पडतात आणि दिवस कलल्यावर परततात. अंगणवाडी दुपारीच बंद होते. उरलेली दुपार मूल आजीजवळ, नाहीतर शाळा बुडविलेल्या बहिणीजवळ, नाहीतर धुऱ्यावर झाडाला बांधलेल्या झोळीत काढते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करावी अशी तजवीज केली होती. खासगी शेतातील मजुरीला तेवढाही आसरा कधी मिळाला नाही. कोसबाडला जे उमगले ते एवढ्या वर्षांनी वाशीमच्या काळ्या मातीत का उतरू नये, याचे उत्तर सरकारी आणि बिनसरकारी अशा आपल्या सर्वांकडूनच यायला हवे.

सुधारणेचा माझा आग्रह थोडक्यात असा. प्रत्येक अंगणवाडीला केवळ मुलांशी खेळण्या-बोलण्यासाठी एक जादा कार्यकर्ती द्यावी. हंगामात अंगणवाडीची वेळ शेताच्या वेळेला जुळवावी. चेहरा-पडताळणीचे काम महिन्यातील ठरावीक दिवशी वेगळ्या माणसाकडे सोपवावे. आणि पर्यवेक्षिकेने तीन तास जमिनीवर बसून, सेविकेशी बोलून, करता येईल अशी एकच सूचना लिहून ठेवावी व महिन्याने परत येऊन ती साधण्यात आपण स्वतः काय मदत केली ते तिच्याखाली लिहावे. माझ्या स्नेह्यांचा पडदा यानंतरही चालू राहो. तेव्हा त्यावर पाहण्याजोगे काही असेल.

येत्या २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरतील आणि तेव्हा कापसाची वेचणी अजून सरलेली नसेल. खेड्यात राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी त्या सभेत उभे राहून, दुपारी चार वाजता आपल्या गावातील तीन वर्षांची मुले कोणाजवळ असतात, एवढा एकच प्रश्न विचारावा, आणि मिळेल ते उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय खाली बसू नये.