डाळीचा डबा आणि कलम पंधरा

गेल्या आठ मार्चला आमच्याकडच्या महिला मंडळाने एक वक्ता बोलावला होता. विषय होता 'स्मार्ट सखींच्या पाच आर्थिक सवयी'. वक्ता तरुण, चटपटीत, कानाशी माइक अडकवलेला. खर्च लिहून ठेवा, हातात आल्याबरोबर वीस टक्के बाजूला काढा, सहा महिन्यांचा खर्च बँकेत राखून ठेवा, सोन्याचा सोस सोडून एसआयपी सुरू करा, असं सांगत तो पाचव्या सवयीपर्यंत आला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "आणि सखींनो, साड्यांच्या सेलपासून चार हात लांब!" सभागृह हसलं. मीही हसले. त्या हसण्याचा राग मला पुढे कित्येक महिने पुरला आहे.

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. चुकीचं होतं ते गृहीत. बाईला पैसा सांभाळता येत नाही, तिला सवयी लावायला हव्यात, हे त्याला कुणी सांगितलं? मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. महिन्याच्या पंधरा तारखेनंतर उसने मागत फिरणारे पुरुष पाहिले आणि पेन्शनच्या अकराशे रुपयांतून दोनशेचं रिकरिंग चालवणाऱ्या विधवा पाहिल्या. भिशी घ्या. बारा बायका, एक वही, ना तारण ना जामीनदार. तरीही बाराव्या महिन्याला बाराव्या बाईला तिचे पैसे मिळतात, आणि एखादी चुकली तर गल्लीत तिला तोंड दाखवायला जागा उरत नाही. वसुलीची इतकी साधी पद्धत आमच्या बँकेकडे कधीच नव्हती. म्हसवडच्या बायकांनी माणदेशी महिला बँकेसाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने आधी तो नाकारला होता, कारण त्यांतल्या अनेकींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याज काढायला सांगा, आणि तेच तुमच्या साहेबांनाही काढायला सांगा. १९९७ साली बँक उभी राहिली. सवयीचा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

पण नाही. सरकारची 'लाडकी बहीण' योजना आली आणि पुन्हा तेच. दीड हजार रुपये बायका कशावर उडवतात याचा हिशेब चौकाचौकांत सुरू झाला. हिशेब मागणाऱ्यांच्या खिशातल्या गुटख्याच्या पुडीचं बजेट कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही.

नोटाबंदीचे दिवस आठवतात. ८ नोव्हेंबर २०१६. माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते. पाचशे-हजाराच्या नोटा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे मी काउंटरच्या आतून पाहत होते. नोटांना हळदीचा वास होता, डाळीचा होता, कापराचा होता. काहींच्या घड्या इतक्या जुन्या की उलगडताना नोट फाटेल की काय वाटायचं. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही, असं सरकार सांगत होतं. पण त्या बायकांना प्राप्तिकर खात्याची भीती नव्हतीच. त्यांना घरच्या चौकशीची भीती होती. एकजण खिडकीशी वाकून म्हणाली, "ताई, भरते, पण घरी मेसेज जायला नको." खात्याला मोबाइल नवऱ्याचा जोडलेला होता.

बचतीची सवय तिच्याकडे होती. वीस वर्षांची होती. तिच्याकडे नव्हती ती तिच्या नावाची जागा.

म्हणून त्या सभागृहातून येताना माझं म्हणणं ठरलं होतं: प्रश्न सवयीचा नाही, नावाचा आहे. सातबारावर, घराच्या करारावर, खात्यावर कुणाचं नाव आहे ते आधी सांगा, मग एसआयपी सांगा. हे म्हणणं माझं नाहीच. शरद जोशींचं आहे. शेतकरी संघटनेचा हा माणूस १९८६ साली चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवतो, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या नावाने शेतकऱ्यांना सांगतो की बायकोच्या नावाने जमीन करा. दान म्हणून नाही, तिचं देणं आहे म्हणून. आयुष्यभर शेतमालाच्या भावावर बोललेल्या माणसाला कळलं होतं की घराच्या आतही एक माल फुकट उचलला जातो. जोशींच्या बाकीच्या अर्थकारणाशी माझं भांडण आहे, खुल्या बाजाराच्या त्यांच्या भक्तीने मी वैतागत आले आहे, पण या एका बाबतीत आमच्या स्त्रीवादी मैत्रिणींपेक्षा ते फार पुढे होते. आम्ही परिसंवाद भरवत होतो, तेव्हा गावागावांत शेकडो शेतकरी तलाठ्याकडे जाऊन फेरफार करून घेत होते.

आणि आता काय चाललं आहे? महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. बिल्डरच्या ऑफिसात नवरे मोठ्या उत्साहाने बायकोला पुढे करतात. ती सही करते, पेढा खाते. हप्ते कुठून जातात, मूळ कागद कुठल्या कपाटात आहेत, हे तिला कुणी सांगत नाही आणि ती विचारत नाही.

विचारत नाही. इथे माझी गाडी अडली, कारण हा लेख लिहायला बसले आणि माझंच एक प्रकरण समोर आलं.

२००७ साली वडील गेले. दिवस झाल्यावर भावाने एक कागद पुढे केला. हक्कसोडपत्र. आम्ही तिघी बहिणींनी सह्या केल्या. मी बँकेत अधिकारी होते, दिवसाला वीस लोकांचे कर्जाचे कागद शब्दन् शब्द वाचत होते. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत १९९४ सालीच हक्क दिला होता, २००५ साली तो देशभर झाला होता, हेही मला ठाऊक होतं. तरी मी तो कागद वाचला नाही. माहेर तुटू नये म्हणून वाचला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं एवढंच की वाचायचा असतो हे सुचलंच नाही. दोन महिन्यांनी साडीचोळी आली. साड्यांच्या सेलबद्दल त्या मुलाने विनोद केला तेव्हा मला इतकं का लागलं, ते बहुधा यामुळे.

म्हणजे नाव होतं. कायद्याने आयतं दिलेलं. मी ते सही करून परत केलं. तेव्हा सवयीचा प्रश्न आहेच, एवढं त्या मुलाला देऊन टाकते. फक्त सवय कुठली, ते त्याने सांगितलेल्या पाचांत नाही.

त्यासाठी एक खटला सांगायला हवा. १९५५ साली एका मुलीचं लग्न झालं. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी तिला लगोलग घराबाहेर काढलं. आईवडिलांनी सांभाळलं, शिकवलं. तिला नोकरी लागली. सासरचं तोंड तिने पुन्हा पाहिलं नाही, त्यांनीही तिची विचारपूस केली नाही. १९९६ साली ती गेली तेव्हा बँकेत चांगली शिल्लक होती, भविष्यनिर्वाह निधी होता. आमच्या वक्त्याने मंचावर बोलावून सत्कार करावा अशी स्मार्ट सखी. तिच्या आईने त्या पैशावर वारस म्हणून अर्ज केला. तिला बाहेर काढणाऱ्या घरातले, नवऱ्याच्या बहिणीचे मुलगेही पुढे आले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पैसा भाच्यांचा. प्रकरण कठीण आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण कायद्याचा अर्थ सहानुभूतीवर लावता येत नाही, असं सांगितलं.

हे हिंदू वारसा कायद्याचं, १९५६ सालचं, कलम पंधरा. इच्छापत्र न करता बाई गेली तर आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यांच्यातलं कुणीच नसेल तर मग तिचे आईवडील. माहेरकडून वारशाने आलेलं, मूलबाळ नसेल तर, माहेरी परत जातं. स्वतः कमावलेलं जात नाही. आणि पुरुषाचं? त्याच्या पहिल्या रांगेतच मुलं, बायको आणि आई. मुलाच्या कमाईत आईचा वाटा पहिल्या पंगतीला, मुलीच्या कमाईत मात्र जावयाच्या भाच्यापुतण्यांचं जेवण झाल्यावर.

मी हे कलम नोकरीत असताना कधी नीट वाचलं नव्हतं. उलट खिडकीवर आलेल्या बायकांना सांगायची, "नॉमिनी लावलाय ना, मग झालं!" झालेलं नसायचं. नॉमिनी हा बँकेच्या दृष्टीने पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक वारसच. ज्यांना मी असं सांगून परत पाठवलं त्यांची मी अपराधी आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या कलमाला दिलेलं आव्हान पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आलं. न्यायालयाने वैधतेचा प्रश्न खुला ठेवला आणि बायकांना, विशेषतः हिंदू बायकांना, आवाहन केलं की आपापली इच्छापत्रं करून ठेवा. मला हे वाचून आधी संताप आला. कलम तुमच्यासमोर, अन्याय तुम्हाला दिसतो आहे, आणि कागद आम्ही करायचा? आजही तो संताप पूर्ण गेलेला नाही. कलम बदललंच पाहिजे. पण सत्तर वर्षं ते बदललेलं नाही, आणि मी आता सदुसष्ट वर्षांची आहे.

म्हणून गेल्या महिन्यात मी माझं इच्छापत्र लिहिलं. त्यात काय आहे ते भावाला कळायचं तेव्हा कळेल. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, मन बदललं तर नवं लिहिता येतं. दोन साक्षीदार लागतात (ज्यांना काही ठेवलं आहे ते सोडून दुसरे असलेले बरे), आणि त्यांच्यासमोर सही. दिवाळीत घर माणसांनी भरलेलं असतंच.