तहान न लागणाऱ्याचे पाणी

ज्येष्ठ शुद्ध एकादशी जवळ आली की आमच्या नागपूरच्या भजनी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो : सत्तरी ओलांडलेल्या माणसाने निर्जळ उपवास करावा काय ? प्रश्न जुनाच, पण येथले ऊन तो विसरू देत नाही. २०१३ च्या मे महिन्यात येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

व्रताची कथा आपण जाणतोच. भीमाला भूक आवरेना, म्हणून व्यासांनी वर्षभराच्या एकादश्यांऐवजी त्याला ही एकच सांगितली. म्हणजे ती सवलतच, आणि तीही अंगची शक्ती पाहून दिलेली ! मग ऐंशीच्या आजीबाईंनी गदाधारी भीमाचा हिशेब आपल्या कुडीला का लावावा ?

“तहानच नाही लागत बा मले,” असे वृद्ध सांगतात, आणि ते खोटे नसते. आपण त्याला वैराग्य समजतो. वस्तुतः वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, देहातला पाण्याचा साठा घटतो, मूत्रपिंडांना पाणी राखून धरणे जमत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पाणी बाहेर काढतात. त्यात विदर्भाची हवा कोरडी. घाम आला कधी नि वाळला कधी, कळत नाही. इंद्रिय थकले, त्याला इंद्रियजय कसे म्हणावे ?

दुसरे कारण बोचणारे आहे. रात्री उठावे लागेल, सुनेची झोपमोड होईल, या भिडेने कित्येक जण संध्याकाळपासून पाण्याला शिवत नाहीत. तो दोष म्हाताऱ्या माणसांवर आम्ही ठेवणार नाही.

नाथमहाराजांनी काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी ओतली. त्या मुक्या जीवाने पाणी मागितले नव्हते. नाथांनाच ते दिसले. आपण मात्र चौकात पाणपोईचा रांजण भरतो, आणि घरात आजोबांचा तांब्या सकाळपासून तसाच भरलेला आहे, हे पाहत नाही !

तांब्या उशाशी ठेवून भागत नाही. तासा-दीड तासाने अर्धा पेला हातात द्यावा. पाणी नको तर ताक, पन्हे, आंबील. लघवी गडद झाली, तोंड कोरडे पडले, भोवळ आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर “वय झालं” म्हणून सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी किती द्यायचे, तेही त्यांनाच विचारावे.

राहिली एकादशी. नाम घ्यायला कोरडा घसा लागत नाही. तरी ज्यांना रुखरुख वाटते त्यांनी पाण्यात तुळशीपत्र घालून तीर्थ म्हणून घ्यावे, अशी तोड आमच्यातल्या एका वृद्ध माळकऱ्यांनी काढली. फक्त तीर्थ म्हणून पळीभरावर थांबू नये. पेलाभर घ्यावे, नि दुपारून पुन्हा.