दोन हेतू आणि एक सही

आपल्या मंडळ्यांतून, विशेषतः वडोदरा व हैदराबाद यांसारख्या शहरांतून, शिक्षणासाठी कॅनडाला जाणारे तरुण आता नवलाचे राहिले नाहीत. व्हिसाच्या अर्जासोबत पत्र जोडतात. त्यात बहुधा शिक्षण पुरे होताच मायदेशी परतू, असे लिहिलेले असते. घरी मात्र पहिल्या दिवसापासून ‘पीआर’ची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची बोलणी चाललेली असतात, आणि त्याच भरवशावर कर्जही काढलेले असते. मग त्या पत्राखाली सही करणारा मुलगा खोटे बोलतो काय?

घाईने ‘होय’ म्हणू नये. कॅनडाचा २००१ सालचा कायदाच सांगतो की, पुढे कायम राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरता प्रवेश नाकारण्यास कारण नव्हे. मात्र दिलेली मुदत संपताच हा मनुष्य निघून जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. अमेरिकेत तसे नाही. तेथे एफ-१ व्हिसा मागणाऱ्याचे घर मायदेशी असावे व ते सोडून देण्याचा त्याचा हेतू नसावा, अशी अट आहे. म्हणजे मुलगा तोच, मनही तेच. पण एका खिडकीपाशी खरा आणि दुसऱ्या खिडकीपाशी खोटा! सत्य देशागणिक बदलते असे आम्हांस वाटत नाही. बदलतो तो विचारलेला प्रश्न, आणि उत्तर विचारलेल्या प्रश्नाचेच द्यावे लागते.

शिवाय हेतू पालटतातही. रूथच्या पुस्तकातील अलीमलेख दुष्काळामुळे मवाबात गेला तो काही काळापुरता. पण तेथेच त्याचा अंत झाला, मुलांची लग्ने तेथेच झाली, आणि दहा-एक वर्षे निघून गेली. त्याला कोणी लबाड म्हणत नाही.

लबाडी असते ती निराळ्या ठिकाणी. एजंटाने लिहिलेले पत्र न वाचता सही करणे, किंवा उसनी रक्कम चार आठवडे खात्यात ठेवून ती आपली म्हणून दाखवणे, यात दोन हेतू नसतात, एकच असतो. कॅनडात खोटी माहिती दिल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. २०२३ साली प्रवेशाची बनावट पत्रे उघडकीस आली, तेव्हा फसवले गेलेले विद्यार्थीही हद्दपारीच्या छायेत सापडले होते.

दिलेल्या शब्दाची खरी कसोटी पुढे लागते. कामाच्या अनुभवावर परवाना मागायचा, तर कॅनडातील निदान एक वर्षाचे कुशल काम लागते, आणि पूर्णवेळ शिकत असताना केलेली नोकरी त्यात धरत नाहीत. मग वय, शिक्षण व भाषा यांचे गुण मोजतात, ते दर वेळी पुरतातच असे नाही. आणि पीआरचा अर्ज पडून आहे, एवढ्यावरच राहण्याचा हक्क मिळत नाही. मुदत संपली, अन्य परवानगी नाही, तर निघावे लागते. पत्रात लिहिले होते ते हेच.

येथे आम्हांस मुलापेक्षा घराची अधिक काळजी वाटते. “रिकाम्या हाताने येऊ नकोस” असे बजावून धाडलेल्या मुलाने परतण्याचे वचन पाळायचे कसे? परत आलेल्याला उपासनेनंतर फाटकापाशी आपण पहिल्याने विचारतो ते, “काय, पीआर मिळाला नाही वाटते?” त्याच्या अभ्यासाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या वर्गात हा विषय जरूर काढावा. आईबापांनी मुलाला विमानात बसवण्यापूर्वी एवढे तरी पाहावे की, कर्जाच्या हिशेबात परतीचे भाडे धरले आहे काय.