मुंडारा ते मार्कंडा : मुलं घराबाहेर पडण्याआधीची यात्रा

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी सत्संगानंतर प्रसादाची भांडी घासताना एका ताईंनी मला विचारलं, "ताई, पोरगा जूनमध्ये कोट्याला चालला. त्याच्याआधी सगळे मिळून कुठं तरी जाऊन यावं म्हणतो आम्ही. मनाली करावी का गोवा?" मी म्हटलं, मे महिन्यात गोव्यात फार घाम येतो. एवढं बोलून मी पुन्हा पातेलं घासायला लागले. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. त्या माउलीने पोटातली गोष्ट विचारली आणि मी तिला हवामान सांगितलं! म्हणून आज लिहायला बसले आहे. थोडं लांबेल, पण वाचा. घरातल्या पोरांना फॉरवर्ड करू नका, आधी तुम्ही वाचा.

आधी माझी चूक सांगते. बालाघाटच्या जुन्या माणसांना छोटी लाईन म्हणजे काय ते सांगायला नको. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी शंभराहून अधिक वर्षं आपल्या भागातून धावली. गोंदियाकडचा भाग आधी मोठ्या लाईनचा झाला, पण नैनपूर-जबलपूरकडे ती हळूहळू, शिट्ट्या मारत जातच होती. आमच्या थोरल्याला त्या गाडीने जबलपूरला जायचं होतं, भेडाघाट बघायचा होता. सहावीत म्हणाला, आठवीत म्हणाला. आमचं उत्तर ठरलेलं. यंदा घरात लग्न आहे, यंदा घराला रंग द्यायचाय, यंदा दहावी. मग अकरावी-बारावीचं कोचिंग लागलं आणि त्याने विचारणंच सोडलं. 2015 च्या जुलैत तो इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता छोटी लाईनही बंद झाली. आता ती गाडी बघायची तर नैनपूरच्या संग्रहालयात उभी असलेली बघायची.

गाडी बंद झाली त्याचं मला एवढं नाही. त्याने विचारणं सोडलं आणि ते मला कळलंही नाही, हे जास्त लागलं.

आता कथा. मार्कंडेय ऋषींची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मृकंडु ऋषी आणि त्यांची पत्नी मरुद्वती यांना मूल नव्हतं. त्यांनी शंकराची आराधना केली. शंकर प्रसन्न झाले आणि म्हणाले, दीर्घायुषी पण गुणहीन मुलगा हवा की गुणी पण सोळाच वर्षं जगणारा? त्यांनी गुणी मुलगा मागितला. पुढे सोळावं वर्ष आलं, यमाचा पाश पडला, मुलाने शिवलिंगाला मिठी मारली आणि शंकर प्रकट झाले. कीर्तनात आपण नेहमी इथे टाळ्या वाजवतो. पण मधल्या सोळा वर्षांचं काय? त्या आई-बापाला दिवस मोजून मिळाले होते आणि ते त्यांना ठाऊक होतं. कथेत असं येतं की, सोळावं वर्ष जवळ आलं तसा बाप उदास राहू लागला, तेव्हा मुलानेच कारण विचारलं. बापाने लपवलं नाही, खरं ते सांगून टाकलं. मुलाने शिवाला धरलं ते हे ऐकल्यावर.

आपल्या घरांतही सोळा-सतरा वर्षंच मिळतात हो. आपल्या दारात यम येत नाही, ऑटो येते. मूल हसत हसत पिशव्या भरून जातं आणि पुढे दिवाळीला पाहुण्यासारखं येतं. देवकृपेने चांगलंच होतं सगळं. तरी दिवस मोजलेलेच, आणि आपण ते मोजत नाही. धाकटी बारावीला गेली तेव्हा मी एकदा कॅलेंडर घेऊन बसले आणि मोजलं, तर घरी राहून करायची अशी तिची एकच दिवाळी उरली होती.

ती 2022 ची दिवाळी. थोरला पुण्याहून येणार होता. मी ठरवलं, भाऊबीज झाली की चार दिवस चौघांनी निघायचं. ह्यांनी लगेच हरकत घेतली. "तिचं नीटचं वर्ष आहे. कोचिंगचे चार दिवस बुडतील." गोष्ट खरी होती. मी म्हटलं, चार दिवसांनी डॉक्टर होणं अडणार असेल तर ते आधीच अडलेलं आहे. (एरवी मी असं बोलत नाही. त्या दिवशी निघून गेलं तोंडातून.)

कुठे जायचं ते मात्र मी ठरवलं नाही. माझ्या डोक्यात शिर्डी-शेगाव होतं. धाकटीला विचारलं तर म्हणाली, "आई, तुमच्यासोबत रांगेतच उभं राहायचं असेल तर मी नाही येत." राग आला, पण गिळला. म्हटलं, मग तूच सांग. दोन दिवसांनी ती मोबाईलवर नकाशा घेऊन आली. आपल्या बालाघाटची वैनगंगा निघते कुठून आणि जाते कुठे, ते बघायचं. शाळेत नदीवर निबंध लिहून राहिलो आम्ही, म्हणाली, पण पुलाच्या वर नाही गेलो आणि पुलाच्या खाली नाही गेलो.

मला तर हीच तीर्थयात्रा वाटली. आपले लोक नर्मदामाईची परिक्रमा करतात. आपण रोज जिचं पाणी पितो तिला मात्र पुलावरून एक रुपया टाकून मोकळे होतो.

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. पहिल्या दिवशी तिथेच गेलो. लहानसं कुंड. धाकटी काठावर बसून म्हणाली, "बस, एवढीच?" भीमगडचं मोठं धरण, केवलारी, सिवनीला घातलेला तो मोठा वळसा, आणि मग आपल्या बालाघाटला येते तेव्हाचं तिचं पात्र, हे सगळं या एवढ्याशा पाण्यातून. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या नणंदेकडे राहिल्या होत्या. त्यांनी पितळी गडू दिला होता, तो आम्ही तिथे भरून घेतला. थोरल्याने प्लास्टिकच्या बाटलीतही पाणी घेतलं, गडू सांडेल म्हणून. रात्री सिवनीला माझ्या मावसबहिणीकडे मुक्काम.

दुसऱ्या दिवशी रामटेकच्या गडाला खालूनच हात जोडले आणि भंडाऱ्यावरून पवनीला गेलो. पवनी म्हणजे वैनगंगेच्या काठचं फार जुनं गाव. 1969-70 च्या उत्खननात तिथे बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. जवळच गोसीखुर्दचं धरण, 1988 साली पायाभरणी झालेलं. घाटावर बसून डबे उघडले. पुरी, लसणाची चटणी, दिवाळीचा उरलेला चिवडा. इतकं छान चाललं होतं आणि मी माती खाल्ली.

निघताना धाकटीने एकच नियम केला होता. गाडीत नीट, टेस्ट, रँक हे शब्द काढायचे नाहीत. सगळ्यांनी कबूल केलं होतं. घाटावर मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मागच्या टेस्टचे मार्क आले का गं?" ती उठली, गाडीत जाऊन बसली. ब्रह्मपुरी येईपर्यंत एक शब्द नाही. ह्यांनी माझ्याकडे आरशातून बघितलं. ब्रह्मपुरीला चहासाठी थांबलो तेव्हा मी तिला म्हटलं, "चुकलं माझं. नियम मी मोडला." बस, एवढंच. 'पण तुझ्या भल्यासाठीच' हे शेपूट जोडलं नाही. जोडायची फार इच्छा होती, खरं सांगते.

रात्री गडचिरोलीला मुक्काम केला आणि सकाळी चामोर्शीच्या पुढे मार्कंडा देवला पोचलो. विदर्भाची काशी म्हणतात त्याला. वैनगंगा इथे उलटी वळून उत्तरेकडे वाहते, आणि उत्तरवाहिनी नदीचा काठ आपण पवित्र मानतो. दगडी देवळं, भिंतीभर कोरीव काम, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा शांत होतं. स्थानिक श्रद्धेने हे ठिकाण मार्कंडेय ऋषींशी जोडलेलं आहे. त्या सोळा वर्षांच्या मुलाचं गाव, आणि माझी सतरा वर्षांची मुलगी तिथल्या पायऱ्यांवर बसलेली.

बाप-लेक वाळूत पुढे गेले होते. आम्ही दोघीच. मी काही विचारलं नाही. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मग ती नदीकडे बघतच म्हणाली, "आई, यावर्षी नीट नाही निघाली तर मला ड्रॉप नको. कोट्याला नका पाठवू. मला रात्री झोप नाही येत."

मला धस्स झालं. किती दिवस, विचारलं. तर म्हणे, उन्हाळ्यापासून. आणि घरी का नाही बोललीस? त्यावर ती जे म्हणाली ते मी गटात लिहावं की नाही असा विचार केला, पण लिहिते. म्हणाली, "घरी तू नेहमी काहीतरी करत असतेस. नाही तर ग्रुपवर असतेस."

सेवेच्या ग्रुपवर, म्हणजे आपल्याच. सकाळचा सुविचार, दुपारी प्रसादाची यादी, रात्री नामजपाचा हिशोब. आणि बाजूच्या खोलीत लेक जागी. गुरुमाउली सत्संगात घरातल्या माणसांत देव बघायला सांगतात, ते मी वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतलेलं आहे.

त्या पायऱ्यांवर मी तिला कसलं वचन दिलं नाही. बाबांशी बोलू, तू सांग, मी बाजूला बसते, असं म्हटलं. आणि वाळूतून परत आलेल्या बापाला तिने स्वतःच सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "जेवून घेऊ आधी." आमच्या घरात याचा अर्थ 'ऐकलं' असा होतो.

आता त्या ताईंचा प्रश्न. ताई, मनालीला जा, गोव्याला जा, नाही तर मुक्कीच्या गेटने कान्ह्यात जा, लांजीचा किल्ला बघून संध्याकाळी घरी या. खर्चाने काही ठरत नाही. पण ठिकाण पोराला ठरवू द्या आणि पैशाचं पाकीटही एक दिवस त्याच्या हातात द्या. आमच्या धाकटीने गडचिरोलीच्या लॉजवाल्याशी असा भाव केला की ह्यांना लाज वाटली आणि मनातून आनंदही झाला. दिवसाला एकच ठिकाण ठेवा. पाच-पाच दर्शनं एका दिवसात कोंबाल तर देवही दिसत नाही आणि लेकरूही. दुपारी तास-दोन तास काहीच ठरवू नका. पोरं बोलतात ती अशा रिकाम्या वेळी, आणि तोंडाकडे न बघता बोलतात. गाडीत, चालताना, पाण्याकडे बघत. मोबाईल काढून घेऊ नका, आधी आपला पिशवीत टाका. फोटो पोरांना काढू द्या. आणि दर्शनाला यायचं नसेल तर बाहेर बसू द्या, देव काही हजेरी घेत नाही.

चौथ्या दिवशी वडसा-अर्जुनीवरून गोंदियाला आलो. थोरल्याला तिथूनच पुण्याची महाराष्ट्र एक्स्प्रेस होती. प्लॅटफॉर्मवर मी शेवटी त्याला म्हटलं, "बाळा, छोट्या गाडीने तुला नेलं नाही रे आम्ही." तो हसला. म्हणाला, ते मी विसरलो होतो आई. मला पुराच्या दिवसांत बाबा स्कूटरवर पुलापर्यंत न्यायचे ते आठवते. ह्यांना तर तेही आठवत नव्हतं! तो दारात उभा राहिला, गाडी सुटली आणि मला एकदम पंढरीचा विठोबा आठवला.

नामदेवरायांच्या तीर्थावळीच्या अभंगांत ही कथा आहे. ज्ञानोबा माउली तीर्थयात्रेला निघाले आणि सोबतीला नामदेवांना मागायला पंढरपूरला आले. नामदेवांना विठ्ठलाला सोडून जायचं नव्हतं. तेव्हा देवानेच त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हातात दिला आणि माझ्या नाम्याला सांभाळ म्हणून विनवलं. आणि मग देवच त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसला. साक्षात पांडुरंगाला करमत नाही, तर आपलं काय घेऊन बसलात? पण त्याने अडवलं नाही. ते संत परत आल्यावर पंढरीत मावंद्याचा मोठा सोहळा झाला. पुढे थोड्याच काळाने, 1296 साली, माउलींनी आळंदीला समाधी घेतली. ती यात्रा झाली नसती तर?

आमचंही मावंदं झालं. सासूबाईंनी गडूतल्या पाण्याची पूजा केली, शेजारच्या पाच घरी वरण-पुरणाचं जेवण घातलं. काशीची यात्रा नाही केली आणि मावंदं कसलं, असं एका शेजारणीने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "नात चार दिवस आईबापाशी बोलली, यात्राच ती."

धाकटीची नीट काही निघाली नाही. थोडे दिवस घरात जड गेले, ह्यांना जास्त. कोट्याला पाठवलं नाही. ती नागपूरला बी.एस्सी.ला गेली आणि आता झोपते व्यवस्थित. जाताना प्लास्टिकच्या बाटलीतलं मुंडाऱ्याचं पाणी तिने मागून घेतलं. मला भरून आलं. आठ दिवसांनी फोन आला, "आई, रूममेटला माहीत नव्हतं गं, तिने ते मनीप्लांटला घातलं." मी विचारलं, मग? तर म्हणे, मनीप्लांट मस्त वाढून राहिला.

आपली,
एक सेविका, बालाघाट परिवार गट