आत आलेल्याचा स्वभाव

मार्च-एप्रिलच्या सुमारास कॅलगरीहून मुलाचा फोन आला. "बाबा, आपला नंबर लागला." क्षणभर मला वाटले, म्हाडाच्या सोडतीत नात्यातल्या कोणाला तरी घर लागले. प्रत्यक्षात लागल्या होत्या बसमधल्या चार जागा, आणि त्याही सप्टेंबरमधल्या एकाच दिवसासाठी.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात योहो नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे, 1886 सालचे. त्यात समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर ओहारा हे सरोवर आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला, कड्यांच्या कुशीत, आणखी लहानमोठी तळी. तिथवर जाणारा कच्चा रस्ता 11 किलोमीटरचा. त्यावर खासगी गाडी चालत नाही, सायकलही चालत नाही. उद्यानाची बस जाते, तिच्या जागा मोजक्या, आणि दिवसभरासाठी जाणाऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटतात. पूर्वी बरोबर तीन महिने आधी फोन करावा लागे आणि ज्याचा फोन लागेल त्याची जागा. आता संगणक चिठ्ठी काढतो. बंधनाचे कारण साधे आहे. त्या उंचीवर उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. बुटाखाली चिरडलेले गवत पुन्हा उभे राहायला वर्षे जातात, आणि हा मुलूख अस्वलांचाही आहे.

घरातून आणि मित्रांकडून मिळून चार अर्ज गेले होते, ज्याचा नंबर लागेल त्याने बाकीच्यांना न्यायचे या बोलीवर. नियमात बसते, असे मुलगा म्हणाला. मी जास्त विचारले नाही.

सोडतीची पद्धत मला मनापासून पटली, हे आधी सांगतो. जिच्यावर कोणाचाच विशेष हक्क नाही अशी गोष्ट वाटायची तर चिठ्ठीइतका निर्मळ मार्ग नाही. तिथे वशिला चालत नाही, लिलावासारखी पैशाची चढाओढ नाही, पहाटेपासून रांगेत उभे राहण्याची ताकदही लागत नाही. प्राचीन अथेन्समध्ये बहुतेक अधिकारपदे चिठ्ठीने भरत, आणि अधिकारी चिठ्ठीने नेमणे हे लोकशाहीचे लक्षण, असे अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवले आहे. चिठ्ठी जिंकणाऱ्याला कसलेही श्रेय देत नाही. त्याला एवढेच सांगते की तुझ्या जागी दुसरा कोणीही चालला असता.

हे पटायला मला परदेशात जावे लागले, ही लाजेची बाब. मी साताऱ्याचा. कासच्या पठारावर आम्ही लहानपणी भाकरी बांधून जायचो, हवे तिथे बसायचो, लोळायचो. आता फुलांच्या हंगामात तिथे दिवसाला ठरावीक माणसे सोडतात, तिकीट लागते, आधी नोंदणी करावी लागते. काही वर्षांपूर्वी मी नोंदणी न करताच गेलो आणि फाटकावरच्या पोराशी वाद घातला. "अरे, आम्ही इथलेच आहोत." तो शांतपणे म्हणाला, "काका, मी पण इथलाच आहे. आमची गुरं पण आता तिथं जात नाहीत." मी गाडी वळवली आणि घरी येईपर्यंत चिडलेला होतो. तोच मी कॅनडात पहाटे उठून, कागद हातात धरून, शिस्तीत बसच्या रांगेत उभा. आपल्या गावच्या कुंपणाचा राग येतो आणि परक्या देशातल्या कुंपणाचे कौतुक वाटते, याला काय म्हणावे?

सरोवरापाशी उतरलो तेव्हा पाण्यावर वारा नव्हता. त्या पाण्याचा रंग सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. हिमनदीने दळलेल्या खडकाची भुकटी पाण्यात तरंगत राहते आणि त्यावर पडलेला उजेड असा निळाहिरवा होऊन परततो, इतके कारण पुरे. लार्चची झाडे पिवळी झाली होती. सूचिपर्णी असून हे झाड पानगळ करते. आम्ही ओएसा तळ्याची वाट धरली. मुले पुढे गेली, मी गुडघा सांभाळत मागे.

त्या चढावर दगडाच्या पायऱ्या आहेत. मोठमोठ्या फरशा अशा बसवल्या आहेत की पाय आपोआप योग्य जागी पडतो. हे काम लॉरेन्स ग्रासीचे. 1890 मध्ये इटलीत जन्मलेला, कॅनमोरच्या कोळसा खाणीत राबलेला हा माणूस फावल्या वेळात डोंगरात वाटा बांधायचा. पुढे साठी उलटल्यावर तो ओहाराला वॉर्डन झाला. माझ्या वयाच्या माणसाने हलवलेल्या दगडांवरून माझ्या वयाचा माणूस चढत होता. ग्रासीने वाट बांधली ती जास्त माणसांना वर जाता यावे म्हणून, हे त्या पायऱ्यांवर चालताना डोक्यात घोळत राहिले.

ओएसाच्या काठी बसलो. मागे कडे, वर बर्फाची पट्टी, आवाज फक्त पाण्याचा. अर्ध्या तासाने दहा-बाराजणांचा एक घोळका आला. हसणे, हाका, फोटो. आणि माझ्या मनात स्वच्छ मराठीत वाक्य उमटले, 'इतक्या लोकांना सोडतात कशाला?'

मुंबईत नोकरी केलेल्या माणसाला हे वाक्य ओळखू येते. दादरला फलाटावर उभा असताना तो ओरडतो, "अहो, आत सरका, भरपूर जागा आहे!" कसाबसा आत शिरला की पुढच्या स्टेशनवर दारातून तोच ओरडतो, "जागा नाही, मागची पकडा!" दोन्ही वेळा तो खरे बोलत असतो, हीच गंमत. मला मात्र फलाट विसरायला जेमतेम चार तास लागले होते. सकाळी जी निव्वळ चिठ्ठी होती, दुपारपर्यंत तिचा हक्क झाला होता. घोळक्यातल्या प्रत्येकाकडे माझ्यासारखीच चिठ्ठी होती, किंवा माझ्यापेक्षा जास्त काही.

जास्त, कारण चालत जायला तिथे कोणालाही बंदी नाही. 11 किलोमीटर चढून या, दिवसभर हिंडा, तितकेच उतरून जा. म्हणजे सोडत सरोवराची नसते, सोयीची असते. ज्याचे पाय धड आहेत त्याला दार उघडे आणि ज्याचा गुडघा गेला त्याच्यासाठी चिठ्ठी. हे न्याय्य वाटते खरे. पण बसमध्ये बहुतेक धडधाकट तरुणच होते.

मला ज्या शांततेचे इतके अप्रूप वाटत होते ती ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्या गैरहजेरीने तयार झालेली होती. तिची किंमत मी मोजली नव्हती, त्यांनी मोजली. आणि त्यांच्याही आधी इतरांनी. समोरच्या खिंडीचे नाव वायवॅक्सी, शेजारच्या पठाराचे ओपाबिन. हे स्टोनी नाकोडा लोकांच्या भाषेतले शब्द, एकाचा अर्थ वाऱ्याचा, दुसऱ्याचा खडकाळ. सॅम्युएल अ‍ॅलन या अमेरिकन गिर्यारोहकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते इथे चिकटवले. त्याच काळात शेजारच्या बॅन्फ उद्यानात स्टोनी लोकांच्या शिकारीवर बंधने येत होती. शब्द आत आले, माणसे बाहेर गेली. कासच्या त्या पोराची गुरे मला तिथे आठवली.

म्हणून बंधन उठवावे? नाही. उठवले तर पाच वर्षांत त्या काठावर धूळ आणि भेळेच्या पुड्यांचे तिकडचे भाऊबंद उरतील. बंधन हवेच. अडचण माझी आहे, आत गेल्यावर दार माझ्या पाठीमागे थोडे आणखी लोटावे असे वाटणाऱ्या माणसाची.

दुपारी खाली ल रेले नावाच्या लाकडी निवाऱ्यात चहा घेतला. बाकावर शेजारी एक बाई होत्या, सत्तरीच्या आसपासच्या, दोन काठ्या टेकून ठेवलेल्या. पहाटे निघून चालत आल्या होत्या. चिठ्ठीत कधीच नाव निघाले नाही, असे हसत म्हणाल्या आणि मला विचारले, तुमचे? मी म्हटले, पहिल्याच वर्षी. "वा, नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुठेही काटा नव्हता. परत कशा जाणार, हे मी विचारले नाही. विचारले असते तर पुढे काहीतरी बोलावे लागले असते.

संध्याकाळची बस उतरू लागली. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला त्या दिसल्या. धूळ उडू नये म्हणून चालकाने वेग कमी केला. त्या कडेला थांबल्या आणि एक काठी उंचावून त्यांनी निरोप दिला. मीही हात हलवला. माझ्या शेजारच्या जागेवर माझी सॅक होती.