वहिनी आणि ताई

सकाळी सातला मराठवाड्यातल्या कुठल्याही पुढाऱ्याच्या घरी जावं. ओसरीवर माणसं आधीच येऊन बसलेली असतात. कुणाला दाखला हवा असतो, कुणाच्या विहिरीचं प्रकरण अडलेलं असतं, कुणाच्या घरी काल मयत झालेली असते. साहेब मुंबईला गेलेले. चहा देता देता 'कुठल्या गावचे तुम्ही?' विचारणारी, आणि महिन्याभराने तोच माणूस पुन्हा आला तर त्याचं काम कुठे अडलं होतं हे आठवून सांगणारी बाई मात्र घरातच असते. तिला सगळे 'वहिनी' म्हणतात.

शब्द मायेचा आहे. पण त्या नात्याची वाट नवऱ्यावरून जाते. साहेब भाऊ, म्हणून ती वहिनी. 'ताई' म्हणायला मध्ये कुणी लागत नाही.

आज हे सुचलं ते जालन्यामुळे. २०१४च्या विधानसभेला जालन्यात कैलास गोरंट्याल अवघ्या २९६ मतांनी हरले. एवढ्याशा मतांनी गेलेली आमदारकी घराला किती लागत असेल! दोन वर्षांनी, २०१६च्या अखेरीस, नगरपालिकेची निवडणूक आली आणि त्यांच्या पत्नी संगीता गोरंट्याल नगराध्यक्ष झाल्या. त्या वेळी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. नगरसेवकांची जुळवाजुळव करून मिळालेलं हे पद नव्हतं. पुढे २०१९ला कैलासराव पुन्हा आमदार झाले. मधली तीन वर्षं मात्र आमदारकी घरात नव्हती, आणि शहराचा कौल होता तो बाईंच्या नावावर.

'नवऱ्याच्या नावावर निवडून आल्या' हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. आडनावाने मत मिळत असेल, पण जालन्यासारख्या शहरात नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं म्हणजे पाण्याला उत्तर द्यायचं. पूर्वी घाणेवाडीच्या तलावावर भिस्त असलेलं हे शहर. २०१२-१३च्या दुष्काळात ते टँकरकडे डोळे लावून बसलं. मग पैठणचं पाणी अंबडमार्गे आलं, तरी नळाची वाट बघणं काही सुटलं नाही. 'जालना सोन्याचा पालना' म्हणणाऱ्या गावात हंडे रांगेत लागतात, आणि रांगेतली बाई जाब विचारते तेव्हा समोरचीचं आडनाव बघत नाही.

याच जिल्ह्यातल्या भोकरदनची एक लेक आठवते. रावसाहेब दानवे यांच्या कन्या संजना जाधव २०२४मध्ये कन्नडमधून आमदार झाल्या. वडील पाच वेळा खासदार, भाऊ संतोष आमदार, पती हर्षवर्धन जाधव त्याच कन्नडचे माजी आमदार. आणि त्या निवडणुकीत समोर उभे होते तेच हर्षवर्धन. माहेरचं बळ पाठीशी होतं, हे नाकारायचं कशाला? पण सासरच्या गावात, त्याच आडनावाने, त्याच आडनावासमोर मत मागायला उभं राहणं कसं असेल, याचा विचार मी बराच वेळ करत राहिले.

या दोघींच्या मागे पुढाऱ्यांची घरं तरी होती. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा २०११पासून बायकांसाठी राखीव आहेत, त्यामुळे गावोगावच्या कितीतरी घरांतल्या वहिनी आज सदस्य आहेत, सरपंच आहेत. तरी आपण काम घेऊन गेलो की नजर आधी सरपंचपतींना शोधते. बाईंच्या नावापुढे नंबर लिहिलेला असतो, तो लावला की 'हॅलो' येतो पुरुषाच्या आवाजात.

तेव्हा मी म्हणते, "ताईंना द्या." पलीकडे क्षणभर शांतता. मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज, पदराला हात पुसण्याइतका वेळ, आणि, "हां, बोला. मीच बोलतेय."