अद्भुत कथा वाचण्याचा आनंद

जें घडलेंच नाहीं तें वाचून सुख मानणें ही असत्याची गोडी नव्हे काय, असें कित्येक भाविक विचारितात. बेडफर्डच्या तुरुंगांत राहिलेल्या जॉन बन्यननें आपली स्वप्नकथा मित्रांस दाखविली, तेव्हां ती छापावी कीं नाहीं याविषयीं त्यांच्यांतहि मतभेद झाला. ती १६७८ सालीं छापली गेली; १८४१ सालीं 'यात्रिकक्रमण' या नांवानें मराठींत आली. तींतील निराशा नामक राक्षस कोणीं पाहिला आहे? तरी त्याच्या कोठडींत यात्रिकास आपल्याच उराशीं असलेली किल्ली आठवते, तेव्हां आम्हीहि मोकळा श्वास घेतों. लबाड मनुष्य आपली लबाडी झांकितो. बन्यन तर आरंभींच सांगतो कीं हें स्वप्न आहे. मग फसला कोण? हातचें काम टाकून वाचीत बसणें हा मात्र निराळा दोष, आणि तो आमच्याकडूनहि घडला आहे.